सरपंच गावात नसले की

मी उपसरपंच झाले त्या सकाळी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले होते, आणि ज्यांना खरं उपसरपंच व्हायचं होतं ते आमच्या गटाचे पुढारी स्वतःच्या ओट्यावर साबणाच्या फेसात बसून पाण्यासाठी ओरडत होते. हे कसं झालं ते एकदा नीट सांगायला हवं. गावात याच्या बऱ्याच गोष्टी फिरतात, आणि त्यातल्या एका गोष्टीत तर नळाची चावी मीच बंद केली असंही आहे.

आमचं गाव झरी आणि बोरीच्या मधे, जिंतूर रस्त्यापासून थोडं आत. आमची शेळ्या-मेंढ्यांची खांड, थोडी कोरडवाहू जमीन. मी बारावी शिकलेली. वार्डात बाईची जागा निघाली आणि उभं राहायला कोणी तयार होईना, तेव्हा आमच्या मालकांनी चहाच्या हॉटेलात बसून माझं नाव देऊन टाकलं. मला संध्याकाळी कळलं. मी चिडले, पण निवडूनही आले.

सरपंच थेट गावानं निवडला होता. म्हातारा माणूस, जन्मभर ट्रक चालवलेला, कोणाच्याच गटात नसलेला. उपसरपंच मात्र सदस्यांनी आपल्यातून निवडायचा असतो. सदस्य सात. तीन एका गटाचे, तीन दुसऱ्या गटाचे, आणि मधे मी. निकालाच्या दुसऱ्या दिवशीच दोन्ही गटांना शोध लागला की मी फार मोठी बाई आहे. माझ्या शेळ्या कुंपण खातात म्हणून वर्षभर भांडणारे दुसऱ्या गटाचे पुढारी दारात येऊन म्हणाले, "काकू, तुमच्या शेळ्या लय गुणाच्या हायेत. काय तब्येती, काय तब्येती!"

त्यांच्या पाठोपाठ पहिल्या गटाचे पुढारी आले. हे मोठे बागायतदार, आवाजही मोठा. त्यांनी तब्येती वगैरे काढल्या नाहीत. सरळ म्हणाले, "वहिनी, माहूरला दर्शनाला जाऊ. जीप सांगितलीय."

असल्या दर्शनाचा अर्थ आमच्याकडे लहान लेकरालाही कळतो. उपसरपंचाची निवड होईपर्यंत सदस्य गावाबाहेर न्यायचे, म्हणजे समोरच्याला फोडता येत नाहीत. देवीला काय वाटत असेल देव जाणे. मालकांनी माहूर कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे आमचा गट तिथल्या तिथं ठरला.

"मला जमत न्हाई," मी म्हणाले. "शेळी गाभण हाय. आज-उद्यावर आलीय. मागच्या खेपेला अडली व्हती. माझ्याबिगर कोणाला हात लावू देत न्हाई ती."

पुढाऱ्यांनी शेळीकडे पाहिलं. शेळीनं पुढाऱ्यांकडे पाहिलं.

"शेळी बी घ्या," ते म्हणाले. "पण तुमी चला."

अशी आमची सहल निघाली. पुढे ड्रायव्हर आणि पुढारी, मधे त्यांच्या गटाचे दुसरे दोन सदस्य, मागे मी, मालक आणि शेळी. ते दोन सदस्य एकमेकांचे चुलतभाऊ होते आणि बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे प्रवासभर एक जण डाव्या खिडकीतून बघायचा, दुसरा उजव्या. शेळी दोघांच्या मधे मान घालून पुढचा रस्ता बघायची.

माहूरला भक्तनिवासाच्या मॅनेजरनं विचारलं, "माणसं किती?"

"सहा."

"आणि ही?"

पुढारी जरासुद्धा अडखळले नाहीत. "ही बी आमच्याच गटातली हाय."

मॅनेजरनं तिला मागच्या पत्र्याच्या शेडमधे जागा दिली. आम्हाला मिळालेल्या खोल्यांपेक्षा तिथं वारा चांगला होता. मालक दुपारी तिथंच जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधे तिला पाला घालत होते, तर फोन वाजला. दुसऱ्या गटाचे पुढारी.

"काकू, कुठं हायेत तुमी?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात शेळी तोंड वर करून जोरात ओरडली.

"आस्सं, घरीच हायेत व्हय! शेळ्याकडं! थांबा, मी येतोच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर सासूबाईंकडून कळलं की ते खरंच आले, बराच वेळ गोठ्यासमोर उभं राहून मला हाका मारत होते, आणि सासूबाईंनी त्यांना ताक पाजून परत पाठवलं. आमचे पुढारी मात्र हे ऐकून खूश झाले. "लय कामाचं जनावर हाय," म्हणाले, आणि तिला स्वतःच्या हातानं केळी चारली.

निवडीच्या दिवशी पहाटेच निघालो. परभणी सोडली तेव्हा पुढाऱ्यांनी जीप थांबवून पिशवीतून नवे कपडे काढले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, स्टार्च इतका कडक की बसताना आवाज यायचा. पंचायतीत अर्ज भरायचा, दुपारी सभा, मग हार. हार त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

झरी मागे पडलं आणि शेळीनं खाली बसकण मारली. तिचा आवाज बदलला. मला कळलं.

"जीप थांबवा," मी म्हणाले.

"वहिनी, धा मिनिटांत गावात पोचतो."

"ती न्हाई पोचत. थांबवा म्हणले ना."

रस्त्याच्या कडेला बाभळीखाली तिला उतरवलं. करडाचे मागचे पाय आधी आले होते. मला दोन्ही हात लागणार होते, तेव्हा तिला पुढून धरणारं कोणीतरी हवं होतं. मालकांकडे बघितलं तर ते दूर जाऊन तुरीच्या रानाचं निरीक्षण करायला लागले होते. रक्त त्यांना बघवत नाही. चुलतभावांपैकी एकाला हाक मारली की दुसरा जागचा हलेना, आणि दोघं मिळून तर काही करणारच नव्हते.

"मायला, सरका," असं म्हणून पुढारी स्वतः पुढं झाले. गुडघे टेकले. कपडे कडकडले. शेळीचं डोकं त्यांनी छातीशी घट्ट धरलं आणि तिला समजावू लागले, "बाई गं, दम धर. थोडंच राह्यलंय. उपसरपंच होऊ दे मला, पंचायतीतून तुला शेड बांधून देतो."

आधी एक करडू आलं, मग दुसरं. दोन्ही पाट्या, म्हणजे माद्या. दुसरी बाहेर पडली तशी शेळी झटका देऊन उठली आणि पुढारी पाठीवर पडले. पुढचं मी तपशिलात सांगत नाही. एवढंच, की त्या सदऱ्याचा मूळ रंग पांढरा होता हे माहीत असलेल्यालाच सांगता आलं असतं. पण ते हसत होते. करडाला हातात घेऊन म्हणाले, "आपल्या गटाचे दोन वाढले की!"

गावात पोचलो तेव्हा अर्ज द्यायला अजून वेळ होता. "तुमी पंचायतीत बसा," पुढारी म्हणाले, "मी अंगावर दोन तांबे घेऊन आलोच." अशा अवतारात सही करायला त्यांना बरं वाटेना.

पुढचं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. तिनं त्यांना घरात पाऊल टाकू दिलं नाही. ओट्यावरच बसवलं, नळाखाली. पुढाऱ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला, डोळे मिटले आणि नळाकडे हात केला. नळ गेलेला. रांजणातलं पाणी तिनं सकाळीच सडा टाकून संपवलं होतं, नवरा उपसरपंच होणार म्हणून अख्ख्या गल्लीत. शेजारी हंडा मागायला गेली तर शेजारी नेमके दुसऱ्या गटाचे. त्यांनी हंडा शोधायला फार वेळ लावला.

इकडे पंचायतीत ग्रामसेवक घड्याळाकडे बघत होता. दुसऱ्या गटाचा अर्ज येऊन पडला होता. "तुमचा कोण?" त्यानं विचारलं.

"येऊ लागलेत," आम्ही म्हणालो.

"येऊ लागलेत चालत न्हाई. सही लागती."

शेवटी एक चुलतभाऊ म्हणाला, "मग माझा भरा." दुसरा, दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला उद्देशून, म्हणाला, "तुझा भरला तर मी तिकडं मत देतो." "तुझा भरला तर मी बी." आणि मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी हात धुवायला पाणी मागत होते. पाणी तिथंही नव्हतं. एकानं सूचक म्हणून सही केली, दुसऱ्यानं अनुमोदक म्हणून, आणि मी पदराच्या टोकाला बोटं पुसून उमेदवार म्हणून.

पुढारी धावत आले तेव्हा वेळ टळून गेली होती. कानात फेस होता.

दुपारी हात वर करून मतदान झालं. समोरच्या बाजूनं तीन हात वर गेले. माझ्या बाजूनं दोन चुलतभाऊ आणि मी, तीन. सगळी सभा पुढाऱ्यांकडे बघायला लागली. त्यांनी हात वर केला नसता तर सरपंचाच्या मतावर गेलं असतं, आणि दुसरा गट आला असता तर गावात त्यांना तोंड दाखवायची सोय उरली नसती. त्यांनी वर आढ्याकडे बघत हात वर केला. सदऱ्याची बाही खाली घसरली. कोपरावर साबण वाळून पांढरा झाला होता. हार मला घातले. त्यांनी सांगितलेलेच.

घरी आल्यावर मालकांनी विचारलं, "उपसरपंच म्हंजे करायचं काय गं?"

मलाही माहीत नव्हतं. सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "मी गावात नसलो की सरपंच तुमी."

"अन् तुमी असल्यावर?"

"असल्यावर चहा घ्यायचा."

आणि सरपंच कायम गावातच असायचे. जन्मभर गाडीवर हिंडून झाल्यामुळे आता त्यांना कुठं जायची इच्छा नव्हती. लग्नाला जायचे नाहीत, जत्रेला जायचे नाहीत. सर्दी होत नसे. मालक रोज सकाळी पारावर त्यांना गाठून इतक्या आशेनं विचारायचे, "काय सरपंच, तब्येत कशी हाय?" की एके दिवशी सरपंच वैतागून म्हणाले, "ठणठणीत हाय बाबा. तुझ्या बायकोला सांग, धीर धर म्हणावं."

मग त्यांचा मोतीबिंदू निघाला. परभणीला डोळ्याचं ऑपरेशन. जाताना त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "आता गाव तुमच्याकडं." मी चांगली साडी नेसून पंचायतीत जाऊन बसले. सकाळभर कोणी आलं नाही. चहा घेतला.

दुपारी टेंपो आला. पंचायतीनं मागवलेलं सिमेंटचं बाकडं घेऊन.

बाकडं कुठं ठेवायचं हे सरपंचांनी कोणाला सांगितलं नव्हतं, किंवा सगळ्यांना वेगवेगळं सांगितलं होतं. आमच्या गटाचे पुढारी, जे निवडीपासून माझ्याशी बोलत नव्हते, ते हवेत बघत म्हणाले, "माझ्या ओट्यासमोर ठरलंय." दुसऱ्या गटाचे पुढारी म्हणाले, "मारुतीच्या देवळापाशी," म्हणजे त्यांच्या दारात. गर्दी जमली. टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याला आणखी दोन बाकडी बोरीला टाकायची होती.

मी सरपंचांना फोन लावला. ते डोळ्याला पट्टी बांधून पडले होते.

"कोण बोलायलंय? मला काय दिसत न्हाई!"

"फोनवर कोणालाच दिसत न्हाई, सरपंच. बाकडं आलंय. कुठं ठेवू?"

"कोणतं बाकडं? तुमी बघा की! आता सरपंच तुमी!" मागून नर्सचा ओरडा आला आणि फोन कटला.

दोन्ही पुढारी, अख्खी गर्दी आणि टेंपोवाला माझ्याकडे बघत होते. "आत्ता इथंच उतरवा," मी म्हणाले. "मग ठरवू."

टेंपो शाळेच्या भिंतीला लागून उभा होता. आठ-दहा गडी लागले, कण्हले, एकाच्या पाठीत उसण भरली, आणि बाकडं एकदाचं जमिनीवर आलं. टेंपो धुरळा उडवत निघून गेला. धुरळा बसल्यावर दिसलं की बाकड्याची पाठ रस्त्याकडे आहे आणि तोंड भिंतीकडे. बसलं तर गुडघे भिंतीला टेकतील न टेकतील एवढीच जागा.

"वळवा," मी म्हणाले. पण ज्याला हाक मारावी त्याच्या पाठीत उसण भरलेली.

चार दिवसांनी सरपंच काळा चष्मा लावून परत आले आणि आधी बाकडं बघायला गेले. मी मागं उभी. ते बसले. समोर हातभर अंतरावर भिंत.

"बरं हाय," ते म्हणाले. "डाक्तरनं उन्हाकडं बघायची मनाई केलीय."

तरी पुढच्या मासिक सभेत बाकडं वळवायचा ठराव घेतला. तो एकमतानं मंजूर झाला. दोन्ही गटांचे हात एकदम वर गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले. ठरलेल्या दिवशी गडी दोर घेऊन आले, तर बाकड्यावर गावातली तीन म्हातारी माणसं बसलेली. ती उठेनात. त्यांचं म्हणणं, इथं भिंतीची सावली पडते, रस्त्याचा धुरळा पाठीला लागतो पण तोंडात जात नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला रामराम घालावा लागत नाही. आमच्या गटाचे पुढारी त्यांना समजवायला म्हणून शेजारी बसले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच होते. उठताना मला म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या ते. निवांत वाटतंय." निवडीनंतर ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आता दुसरं बाकडं मंजूर झालंय. ते उतरवायच्या दिवशी आपण गावातच थांबणार आहोत, असं सरपंचांनी मला दोनदा सांगितलंय.