दारावरचा गाडीनंबर

कुणावरही काडीचा विश्वास न ठेवता माणूस घरादारावर किती जीव लावू शकतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, भेटायला हवं होतं. येरमाळ्याला हमरस्त्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. पहाटे पिकाला पाणी द्यायचं, दिवसभर लोकांच्या टायरांशी झुंजायचं, आणि हे सगळं करताना न थकता संशय घ्यायचा, असा त्यांचा दिवस. याच कष्टावर त्यांनी तीन मुली शिकवल्या. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या हातात चहा येण्याआधी ते बाहेर जाऊन माझ्या मोटरसायकलची चाकं दाबून आले. म्हणाले, "मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. बदलत का न्हाय?" माझ्याबद्दलचं त्यांचं मत तिथेच कायम झालं. नातीच्या खोकल्याचं औषधसुद्धा ते आधी स्वतः चमचाभर पिऊन बघत आणि मग दुपारभर दुकानात पेंगत बसत.

आम्ही पुण्याला परत निघालो की खरी तपासणी. बस थांबली रे थांबली की मामा प्रत्येक चाकावर लोखंडी टामी ठोकून आवाज ऐकत. मग तंबाखू द्यायच्या निमित्ताने ड्रायव्हरच्या जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेत. शेवटी दुकानाच्या पत्र्याच्या दारावर खडूने गाडीचा नंबर लिहीत. आम्ही पोचल्याचा फोन आला की तो पुसायचा. एकदा त्यांच्या पाचव्या फोनला वैतागून मी टेंभुर्णीतूनच "पोचलो, मामा" म्हणून मोकळा झालो. नेमका तेव्हाच खिडकीखाली फेरीवाला ओरडला.

"पाव्हणं," मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरात वडापाव इकायला कोन आलंय?"

तेव्हापासून माझा शब्द बाद. फोन थेट नातीला. "चिऊ, आपल्या घरातल्या घड्याळात किती वाजलं बघ बरं." तिने बघून सांगितलं की मगच नंबर पुसला जाई. बारा वर्षांचा जावई मी, पण सात वर्षांच्या पोरीइतकीही माझी पत नव्हती. बायकोला हसू यायचं. मला मात्र खरंच लागायचं ते. या माणसाने एकदा तरी माझ्यावर भरवसा ठेवावा, एवढीच माझी इच्छा होती.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही निघालो तेव्हा मामा खुर्चीतून उठले नाहीत. टामी कोपऱ्यातच राहिली. शेवटी मीच खडू पुढे केला, तर हात हलवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी हायता की संगं. मंग कशाला लिवायचं?"

पुण्यापर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत आलो. बायकोलाही दोनदा ऐकवलं. पंधरा दिवसांत मामा गेले. छातीत बरेच दिवस दुखत होतं म्हणे, घरात कुणाला बोलले नव्हते.

ज्या माणसाने आयुष्यभर देवळातल्या प्रसादाचाही आधी वास घेतला, तो चाकं न ठोकता लेकीला आणि नातीला गाडीत बसवतो, आणि मी नुसता खूश होतो. त्या दिवशी एवढा एक संशय मला यायला हवा होता.