वकिलाच्या कारकुनाचं एकमेव वाक्य

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक इंग्रजी कादंबरी, जाडीला उशीएवढी. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या सरांनी तिचं मराठी नाटक केलं. साल दोन हजार पाचच्या आसपासचं. प्रयोग आमच्या गावात, राहनाळला, बाबांच्या रिकाम्या गोदामात. एवढं मोठं थिएटर लंडनातही नसणार! भाडं नको म्हणाले बाबा, अट मात्र घातली, "माझा पोरगा बोलला पायजे."

सरांनी मला एकच वाक्य दिलं, पण काय वाक्य! अनाथ नायिकेची इस्टेट लाटायला लबाड नवरदेव तिच्याशी लग्न लावतोय, इतक्यात वकिलाचा कारकून, म्हणजे मी, खरं मृत्युपत्र नाचवत प्रेक्षकांच्या मागून गरजतो, "थांबा! हे लग्न होणार नाही!" पुढचे दोन अंक या गर्जनेवर उभे. तीन महिने मी अशी तालीम केली, की पार लांबच्या पडघा गावापर्यंतची कुत्री घरात बसली.

लग्न चाललंय हे लोकांना कळावं म्हणून सरांनी इंग्रज पाद्र्याच्या तोंडी दोन मंगलाष्टकं घातली. तिथंच घोळ झाला. मध्यंतरात वाजवायला गावची बेंजो पार्टी बोलावली होती. त्यांनी तालीम पाहिलेली नव्हती, लग्नं मात्र हजार वाजवलेली. पाद्री शेवटचं "सावधान" म्हणाला आणि पार्टीनं वाद्यांवर हात सोडला!

मी गरजलो. गोदामाचे पत्रे थरथरले ते बेंजोनं, माझ्या गर्जनेनं नव्हे. मी पुठ्ठ्याची उंच टोपी सावरत पुढं घुसलो, तर एका आजीनं दंड धरला. "कुठं मधी मधी? जोडप्याला पाया परू दे आधी!"

तोवर निम्मं गाव स्टेजवर चढलं होतं. नवरदेवाला आहेराचा नारळ मिळाला. नायिका हसून हसून रडत होती. सर नुसतेच रडत होते. "अहो, दोन अंक राहिलेत!" असं ते सांगत होते, पण पोरं बेंजोपुढं नाचत होती.

मला धास्ती बाबांची. अट मोडली, आता सरांना गोदाम पुन्हा कुठलं मिळतंय?

घरी जेवताना बाबा म्हणाले, "बोल आता, काय बोलणार व्हतास?"

भाकरी ठेवून मी उभा राहिलो आणि पूर्ण ताकदीनं गरजलो. शेजारची तीन घरं दारात आली.

बाबांनी घास थांबवला. "बरा झाला तिथं ऐकू आला न्हाय. बिनआईबापाच्या पोरीचा लगीन मोडला असतास, मेल्या."

मग सावकाश म्हणाले, "सरांना सांग, गोदाम पुढच्या साली पन हाय. फक्त बेंजोवाल्यांना आधी नाटक वाचून दाखवा."