करंगळीचं नख

नखं चिकटवायच्या ग्लूचा वास आला की मला लातूरकडची ती येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, आठवते. शेतातल्या जेवणासाठी नटायचं म्हणून मी आदल्या दिवशी घरीच दहाही बोटांना चमचमती गुलाबी नखं लावली अन् त्याच हातांनी बाजरीचे उंडे वळले. शेतात वाढायला बसले, तर करंगळीचं नख गायब! "आगं, कुणाच्या पोटात गेलं का काय?" आजोबा ओरडले. सगळे हसत, घाबरत उंडे फोडून बघायला लागले. काकू तेवढी दिसेना. कडब्याच्या कोपीमागं गेले, तर ती माझ्याच पिशवीतली ग्लूची ट्यूब घेऊन स्वतःच्या करंगळीवर फुंकर मारत बसलेली. "टोपल्यात पडलं व्हतं," ती लाजत म्हणाली, "बाकीची कवा देतीस?" आता नखं मागवताना मी आधी काकूच्या बोटांचं माप घेते.