आईला अंगण दिसेल असा कॅमेरा

गाव सोडलं त्या सकाळी ट्रक दारात उभा आणि आई आत घर सारवत बसलेली. धरणाचं पाणी खालच्या शेतापर्यंत आलं होतं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओरडून दमला. "अगं, पाण्यात जाणाऱ्या घराला कोण सारवतं?" आईनं मानसुद्धा वर केली नाही. "पाणी आपल्याच घरात येतंय न्हवं? मग येऊ दे की सारवलेल्या घरात." गावकऱ्यांनो, तुमच्यातले कितीतरी जण त्याच ट्रकमध्ये होते. कुणी धरणग्रस्तांसाठी वसवलेल्या रामनगरात राहिलात, कुणी गोव्याला गेलात. मी पुढं मस्कतला आलो, एसी दुरुस्तीच्या कामाला.

रामनगरात आईला बाजार मिळाला, बस मिळाली, दारात नळ मिळाला. तरी उन्हाळ्यात पाणी उतरून गावची जागा उघडी पडते असं कळलं, की तिचा जीव तिकडं धावायचा. जाऊ जाऊ म्हणता म्हणता ती पडली आणि खुबा मोडला. गावाकडची जंगलातली वाट तिच्यासाठी संपली. अण्णानं जाऊन फोटो काढून आणला, तर म्हणाली, "ह्यात नुसता चिखल हाय. माझं अंगण कुठं हाय?" अण्णानं हे फोनवर सांगितलं आणि मी तिथंच ठरवलं. व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा, आणि असा घ्यायचा की दगडन् दगड ओळखू आला पाहिजे.

रूमवरची पोरं हसली. "लग्नाच्या शूटिंगचा धंदा काढतोस काय रे?" हसेनात का! मी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मस्कतच्या रुवी बाजारातली दुकानं पालथी घालत राहिलो. जो तो दुकानदार चित्रावर तारीख उमटते, नाव उमटतं, रंग बदलतात, हेच दाखवायचा. मी दुकानाच्या दारात उभा राहून लांबच्या डोंगरावरचा बुरूज टिपायचो आणि आतल्या टीव्हीवर बघायचो. एकात बुरूज जवळ आला खरा, पण त्याचे नुसते चौकोन झाले. "डिजिटल झूम, भाई! बहुत पॉवरफुल!" मलबारी सेल्समन म्हणाला. म्हटलं, चुलीत गेली तुझी पॉवर. "मेरी माँ को पत्थर पहचानना है." मग त्यानं वरच्या फळीवरून एक जुनाट दिसणारा, मोठ्या भिंगाचा कॅमेरा काढला. वरवंट्यासारखा जड. पण त्यात बुरुजाच्या दगडांमधल्या फटीसुद्धा दिसल्या. आपल्याकडच्या टीव्हीवर चालेल याची खात्री केली आणि तोच उचलला.

मे महिन्यात सुट्टीवर आलो आणि अण्णाला घेऊन गावच्या जागेवर गेलो. चिखल गुडघाभर, खाली उतरायची सोय नाही. काठावरच्या खोडावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखून शूटिंग केलं. अण्णा म्हणाला, "चिखलाचं शूटिंग करायला मस्कतवरनं आलास. धन्य हाय बाबा तुझी!"

घरी कॅसेट लावली. आई टीव्हीला नाक लावून बसली. पडद्यावर चिखल सरकत होता. एवढं करून हिला चिखलच दिसतोय की काय?

"थांब! मागं घे." तिनं काचेवर बोट ठेवलं. "ह्यो बघ धुण्याचा दगड, एका अंगानं खचलेला. ह्ये फणसाचं खोड. म्हंजे ह्याच्या मधी माझं अंगण." आणि तेवढ्या जागेवरून ती तळवा फिरवत राहिली. मला रडू आवरेना. आवरलंही नाही.

मग डोळे पुसून ती माझ्याकडं वळली. "माझं घर बघितलं बाबा. आता तुझं दाखीव."

"माझं कुठलं?"

"तू ऱ्हातोस तिथलं. एवढा कॅमेरा घेतलास आणि सोताचं घर काढलं न्हाईस व्हय?"

इतकी वर्षं मी मस्कतच्या त्या जागेला नुसती 'रूम' म्हणत आलो होतो. तिचं शूटिंग करावं असं कधी मनातच आलं नव्हतं.

परत गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी कॅमेरा कपाटावर ठेवला. माझी खाट, स्टोव्हवरची डाळ, दोरीवरचे शर्ट, सगळं घेतलं. तेव्हा हसलेली पोरं भांग पाडून रांगेत उभी राहिली. शेवटी मी स्वतः समोर गेलो आणि म्हणालो, "आई, हे माझं घर." आवाज कापला. पण ते पुसून पुन्हा घेतलं नाही.