टकटक मावशीचं उभं घर

ईशान आणि मीरा,

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली, की टकटक मावशी चप्पल काढायच्या आधी भिंत वाजवून बघायची. माठ विकत घेताना वाजवतात तशी, बोटाच्या पेरांनी, कान जवळ नेऊन. "पुठ्ठा आहे, पुठ्ठा!" असा निकाल यजमानांच्या तोंडावर द्यायची आणि मग निवांत सोफ्यावर बसायची. तुमच्या बॉथेलच्या नव्या घराची भिंतही तिने वाजवली होती. तेव्हाचा तुमच्या बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. टकटक मावशी हे नाव तुमच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, आणि तिच्या मैत्रिणींनी लहानपणी पाडलं. खरं नाव सुमती, माझी जुनी मैत्रीण. त्या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे.

तिचं स्वतःचं घर फिलाडेल्फियाच्या जुन्या वस्तीत होतं. तुमच्याकडे टाउनहाऊस म्हणतात ती अलीकडची. हे खूप जुनं, कुणा इंग्रज व्यापाऱ्याने लंडनच्या पद्धतीने बांधलेलं, लाल विटांचं. रुंदीला एक खोली आणि एक बोळ, आणि उंचीला मात्र तळघर धरून चार मजले. "इंग्रज जमिनीला चिकट आणि जिन्याला उदार," असं ती म्हणायची. दारावर अर्ध्या चकतीसारखी काच होती, उघडलेल्या जपानी पंख्यासारखी. बोळात दुसरी खिडकी नाही, म्हणून उजेडाची ती सोय. सुमतीला ती काच इतकी प्रिय, की दिवाळीचं तोरणसुद्धा ती त्या काचेच्या खालीच बांधायची.

ते घर रस्त्यावरून बघायचं तिने मला शिकवलं. दिवाणखान्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, त्यावरच्या मजल्याच्या आखूड, आणि अगदी वरच्या तर बुटक्याच. "वर नोकर राहायचे ना. त्यांच्या वाट्याला उजेडही बेताचाच," ती म्हणाली. त्याच मजल्यावर तिने देवघर मांडलं होतं. मी म्हटलं, "अगं, नोकरांच्या मजल्यावर देव?" तर म्हणते, "मग? माझी सगळी कामं तेच तर करतात!"

खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना रंगाने लिंपलेल्या लाकडी फळ्या होत्या. सगळे त्यांना नक्षी समजायचे. हिने त्याही वाजवल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आत काहीतरी आहे." दोघांनी कित्येक शनिवार-रविवार बसून रंग खरवडला, तेव्हा आतून घडीची झडपं निघाली. ओढली की खिडकी झाकणारी, सारली की भिंतीत गडप होणारी. भाऊजी गेले त्या हिवाळ्यात ती संध्याकाळी स्वतःच्या हाताने सगळी झडपं लावायची. "त्यांनी अर्धवट काही सोडलं नाही," एवढंच बोलायची.

पण उभ्या घरात राहायला गुडघे लागतात, आणि तिचे गुडघे थकले. मुलाने क्युपर्टिनोला त्याच्या बैठ्या घरात तिच्यासाठी खोली तयार केली. घर विकायला ती तयार झाली, तोडायला मात्र नाही. आणि बघायला येणारा प्रत्येक जण आधी भिंत पाडायच्या गोष्टी करायचा.

शेवटी सौरभ आणि अनघा आले. तो नागपूरचा, ती पुण्याची. घर त्यांना आवडलं. सौरभ दिवाणखान्यात हात पसरून म्हणाला, "मावशी, ही वॉल रिमूव्ह करू. किचन बेसमेंटमधून इथे वर आणू. एकदम ओपन! पार्टीला मस्त होतं यार."

"सध्या राहता तिथे आहे का ओपन किचन?" सुमतीने विचारलं.

"आहे ना," अनघा म्हणाली, "म्हणून तर माझे सगळे कोट लसणाच्या फोडणीचे."

"हं," सुमती म्हणाली. "रविवारी जेवायला या."

घर दाखवताना स्वयंपाक करू नये, असं तिच्या एजंट बाईने बजावलं होतं. रविवारी सुमतीने आम्हा सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, एजंट बाईंनाही. मग कठडा धरून तळघरात गेली. इंग्रजांनी स्वयंपाकघर मुद्दाम तिथे ठेवलेलं, जिन्याला वर एक दार, खाली एक दार. जुन्या चुलीच्या कोनाड्यात तिची शेगडी होती आणि धुराड्यात पंखा. बऱ्याच वेळाने ती घामाघूम होऊन वर आली.

"कसला वास येतोय?"

तिघं हवा हुंगत राहिली. एजंट बाई घाबरत म्हणाल्या, "नथिंग."

"खाली लसणाची फोडणी झाली आहे. शिवाय सुके बोंबील भाजलेत."

अनघा उठली, बोळातल्या खुंटीवरचा आपला कोट तिने नाकाला लावला आणि नवऱ्याकडे वळली. "सौरभ, भिंत राहू दे."

"अगं, पण पार्टी..."

"पार्टीला तू खाली उभा राहा, भजी तळायला."

घर त्यांनीच घेतलं. किल्ली देताना सुमती रडली नाही. वर सरकणारी खिडकी कशी उचलायची, झडपांना मेण कधी लावायचं हे सांगत राहिली, इतकं की मुलाने गाडीचा हॉर्न वाजवला. मीच रडले, आणि तिने मला तिचा रुमाल दिला.

पुढच्या वर्षी त्या घरात बारसं झालं. सुमती क्युपर्टिनोहून विमानाने आली. खाली तळघरात बायकांचा नुसता कल्ला, भांडी, कढया, हसणं. वर दिवाणखान्यात झडपं अर्धी ओढलेली, पाळण्यात सौरभ-अनघाची लेक गाढ झोपलेली आणि शेजारी आम्ही दोघी. तेवढ्यात सौरभ झारा हातात घेऊनच वर आला आणि जिन्याचं दार उघडं टाकून मोठ्याने विचारू लागला, "मावशी, खालचा आवाज इथे..."

सुमतीने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याला खूण केली, दार लावून घे.