संत्र्यांचा ठेला आणि रॅम्प

मी शाळेत मास्तर. आमची सहल पातूरच्या लेण्यांवर गेली, की मुलं वर चढायची आणि माझी व्हीलचेअर खाली चाचांच्या संत्र्यांच्या ठेल्यापाशी थांबायची. दोन वर्षं शेत पिकलं नाही, तेव्हा चाचांनी हा ठेला धरला. बोलताना त्यांचा एक पाय कायम ठेल्याच्या चाकाला टेकलेला. माझी त्यांनी कधी कीव केली नाही. माझ्या चाकांत हवा आहे का, तेवढं बघायचे.

पुढे लेण्यांकडे सिमेंटचा रॅम्प झाला. तो बांधणारे इंजिनिअर म्हणाले, "झकास!"

चाचांनी भरलेला ठेला त्यांच्यापुढे आणला. "सायेब, एकडाव ढकलून पाहा."

साहेब हसत निघाले. अर्ध्यावर ठेलाच त्यांना मागं रेटू लागला आणि संत्री खालपर्यंत घरंगळली.

"मंग मास्तर एकटे कसे चढतीन?" एवढंच बोलून चाचा फुटकी संत्री वेचू लागले.

रॅम्प तोडून लांब, सोप्या चढाचा बांधला. पहिल्या दिवशी मी चढत होतो. चाचा मागून येत होते, हात पाठीशी बांधून. एक पाहुणा खुर्ची ढकलायला धावला, तसे चाचा डाफरले.

"हात नोका लावू! दिसत नाई का? मास्तर चढून राहिले."