लाइनसाहेबांचा अर्धा तास

आमच्या जिनिंगचे मॅनेजर चहा उभ्याने प्यायचे. शेजारी रिकामी खुर्ची असली तरी उभ्याने. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तिथेही म्हणे कपबशी घेऊन दारात उभे होते. त्यांचं शास्त्र सोपं होतं. "चहा बसून घेतला का सुट्टी, उभ्यानं घेतला का ड्युटी." हे शास्त्र त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं, तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण बायांचा सकाळचा चहाही ते सगळ्यांना उभं करून द्यायचे, म्हणजे तो सुट्टीत धरावा लागत नसे. माणूस हिशेबाला पक्का होता.

जिनिंग मोताळ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून. मी गेटाजवळच्या वजनकाट्यावर बसून कापसाच्या गाड्या मोजायचो. आत सरकी काढायच्या मशिनींवर गडी असायचे, आणि बाहेर शेडमध्ये कापसाच्या ढिगाशी बसून बाया कचरा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायच्या. मॅनेजरांना त्यांच्या आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलेलं होतं, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. गडी, बाया, गाडीवाले, सगळे त्यांना लाइनसाहेब म्हणायचे. का, ते सांगतो.

कायदा त्यांना तोंडपाठ होता. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पहिल्या दिवशी ते सगळ्यांना गेटाशी जमवायचे आणि हात मागे बांधून सांगायचे, "पाच घंट्याच्या वर सलग काम घेनं गुन्हा आहे. मंधात अर्धा घंटा आराम देनंच पडते. अन् ज्या बाईचं लेकरू अंगावर पिते, तिले आनखी दोन डाव सुट्टी, पैसे न कापता. हे म्या नाही म्हनत, कायदा म्हनते." नवी बाई हे ऐकून भारावून जायची. जुन्या बाया पदराआड हसायच्या. कारण ही सुट्टी मिळायची केव्हा, हे त्यांना ठाऊक होतं. लाइन गेली की.

वीज गेली रे गेली की साहेब गेटाशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी गजाने टोल द्यायचे आणि ओरडायचे, "चला, आराम करा! कायद्यानं भेटून राह्यला!" वीज पाच मिनिटांत परत आली की पुन्हा टोल. सुट्टी संपली, उरलेली पुढच्या वेळी. गोधडीला ठिगळं जोडावीत तसे हे तुकडे जोडत संध्याकाळपर्यंत ते अर्धा तास पुरा करायचे आणि कायदा पाळल्याच्या समाधानात घरी जायचे. एकदा पार्वताबाईनं डबा उघडून पहिला घास तोंडात घातला आणि वीज आली. शेडमधली सगळ्यात जुनी बाई ती, तिची जीभ कोणाला भीत नसे. तोंड भरलेलं ठेवूनच तिनं विचारलं, "साहेब, घास गियू का थुकू?"

"गिय, गिय," साहेब उदारपणे म्हणाले. "गियाची सुट्टी वेगळी नाही धरत."

मात्र एका बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. वीज गेल्याच्या वेळेचे पैसे त्यांनी कधी कोणाचे कापले नाहीत. दर वर्षी शेठ त्यावरून कटकट करायचे आणि दर वर्षी साहेब फोनवर, अर्थातच उभ्याने, सांगायचे, "लाइन गेली, त्यात बायांचा काय गुन्हा, शेठ? आरामाचे पैसे कापनं कायद्यात नाही बसत." शेठला हा कायदा पटायचा नाही, पण एवढ्या स्वस्तात मिळणारा मॅनेजर सोडवतही नसे.

मग शेडमधली रुखसाना बाळंतपणानंतर कामावर आली. तिचं घर जिनिंगच्या मागच्या मोहल्ल्यात, आणि मोहल्ल्याची वीज आणि आमची वीज एकाच तारेवरची. त्यामुळे तिनं आणि तिच्या सासूनं आपली एक रीत बसवली होती. घरातला पंखा थांबला की सासू समजायची, जिनिंगात सुट्टी झाली. लेकराला उचलून ती गेटाशी यायची, रुखसाना माझ्या काट्याच्या खोलीमागे बसून त्याला पाजायची. कायद्यात त्या पोराच्या आईला दोन जादा सुट्ट्या होत्या. पण आमच्याकडे ते पोर वायरमनच्या मर्जीवर दूध पीत होतं. ते बाळसं धरत होतं, याचं श्रेय साहेब स्वतःला द्यायचे, हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढे शेठनं जिनिंगसाठी वेगळी लाइन ओढून घेतली. नारळ फोडला, पेढे वाटले. मोहल्ल्याची वीज पूर्वीसारखीच जायची, आमची जाईनाशी झाली. त्याबरोबर आमची सुट्टीही गेली. साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. लाइन असताना माणसाला बसवायचं कसं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. इकडे पंखा थांबला की सासू सवयीनं लेकरू घेऊन गेटाशी यायची आणि आत मशिनी धडधडत असायच्या. लेकरू रडून लाल व्हायचं. शेडमध्ये रुखसानाच्या कुडत्यावर दुधाचे ओले डाग पसरायचे, ओढणी पुढे घेऊन ती कवडी वेचत राहायची. मला काट्यावरचे आकडे दिसेनासे व्हायचे, इतका संताप यायचा.

चार दिवस तिनं काढले. पाचव्या दिवशी ती सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, लाइन कवा जाते?"

"आता नाही जात, रुखसाना. नवी लाइन आहे."

"मंग माह्या लेकरानं काय करावं? तुमीच तं सांगतलं होतं, कायदा आहे म्हून. उद्यापासून मी नाही येत. घरी बसतो, उपाशी राह्यतो, पन लेकराले गेटावर रडवत नाही."

गेटापलीकडे लेकराचा आवाज चढत होता. पार्वताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "काऊन साहेब, कायदाबी तारेतूनच येते काय?"

साहेब हात मागे बांधून मेन स्विचच्या खोलीत गेले. क्षणभरात मशिनी घरघरत थांबल्या. साहेब बाहेर आले ते विजेच्या ऑफिसच्या नावानं बोटं मोडतच. "काय हे! नवी लाइनबी अशीच! चला, आराम करा!" आणि टोल दिला. रस्त्यापलीकडची शेठचीच पिठाची गिरणी त्याच नव्या लाइनवर जोरात चालू होती. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली आणि कोणीही काही ऐकलं नाही.

त्या दिवसापासून आमची लाइन लेकरू रडलं की जायला लागली. सासू आता पंख्याची वाट न बघता जेवणाच्या वेळीच यायची, आणि ती गेटाशी दिसली की साहेब स्विचच्या खोलीकडे निघायचे. आणि आता अर्धा तास एकसंध मिळू लागला, कारण वीज परत कधी आणायची हे त्यांच्याच हातात होतं. सुट्टी आपण दिली, हे मात्र त्यांच्या तोंडून मरेपर्यंत निघेल असं वाटत नव्हतं. शेठच्या तक्रारीवरून वायरमन आला, खांबावर चढून उतरला आणि मला म्हणाला, "भाऊ, जेवाच्या टायमाले जानारी लाइन म्या पाह्यली नाही बा कुठी."

शेवटी शेठ स्वतः येऊन माझ्या खोलीत बसले. दुपार झाली, सासू लेकरू घेऊन आली. साहेबांनी शेठकडे पाहिलं, लेकराकडे पाहिलं. मला वाटलं, आज काही लाइन जात नाही. साहेब सावकाश चालत स्विचच्या खोलीत गेले आणि मशिनी थांबल्या.

"लाइन गेली?" शेठनं विचारलं.

"नाही शेठ. म्या घालवली."

"काऊन?"

"पाच घंटे होत आले. अन् तिचं लेकरू भुकेलं आहे." जन्मात पहिल्यांदा त्यांनी कायद्याचं नाव न घेता कारण दिलं होतं, आणि तेच पुन्हा सांगितलं, "लेकरू भुकेलं आहे, शेठ."

शेठनं तिथल्या तिथे त्यांना घरी बसवलं. घरी बसणं ही त्या माणसाला केवढी शिक्षा होती, ते शेठला काय कळणार.

दुसऱ्या दिवशी साहेब किल्ल्या द्यायला आले. मॅनेजरच्या खुर्चीत शेठचा भाचा बसला होता. तो सकाळपासून बसलेलाच होता. मेन स्विचच्या खोलीला नवं कुलूप लागलं होतं. साहेब परत निघाले आणि नेमकी तेव्हाच सासू गेटाशी आली. लेकरानं गळा काढला. साहेबांचे पाय आपोआप खोलीकडे वळले, कुलपाशी जाऊन थांबले. त्यांनी किल्लीसाठी हात खिशात घातला आणि तसाच बाहेर काढला. त्यांना असं हात हलवत उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात रुखसाना उठली. ओढणी झटकून ती गेटापर्यंत गेली, गज उचलला आणि रुळाच्या तुकड्यावर टोल दिला. साहेबांपेक्षा जोरात. बाया हातातला कापूस टाकून उठल्या. मशिनींवरच्या गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक मशीन बंद केली. भाचा दारापर्यंत आला, मोबाइलवर काहीतरी बोलला आणि परत जाऊन बसला.

सासूच्या हातून लेकरू घेत रुखसाना म्हणाली, "साहेब, लाइन गेली. बसा तुमीबी."

शेडमधला दिवा भर दुपारी जळत होता. साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हाव बाप्पा," ते म्हणाले. "गेली खरी."

पार्वताबाईनं कापसाचं एक गाठोडं त्यांच्याकडे सरकवलं आणि कपात चहा ओतला. चहा त्यांनी बसून घेतला.